पांढऱ्या करंजाचा फोटो

साहेबांच्या निरोप समारंभाच्या फोटोतून साहेबांनाच बाजूला व्हायला सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पनवेलच्या आमच्या कचेरीच्या अंगणात सगळा स्टाफ रांगा करून उभा होता, मधल्या खुर्चीवर हार घातलेले साहेब, आणि समोर कॅमेरा घेऊन अण्णा. बराच वेळ ते पुढेमागे झाले, एकदा गुडघ्यावर बसले, आणि मग अगदी सौम्य आवाजात म्हणाले, "साहेब, आपण जरा डावीकडे सरकलात तर मागचा बहावा पुरता मिळेल." साहेब खुर्चीसकट सरकले. "अजून थोडं." साहेब आणखी सरकले. तिसऱ्यांदा सरकले तेव्हा ते सायकल स्टँडच्या खांबाआड गेले, आणि अण्णांनी बटण दाबलं. फोटो सुंदर आला. त्यात फुललेला बहावा होता, कौलांवरचं ऊन होतं, आणि खालच्या कडेला आमच्या डोक्यांची एक काळी रेघ होती. साहेब नव्हते. पुढे आठवडाभर कचेरीत मोठ्याने बोलायची कुणाची छाती झाली नाही.

अण्णा हे त्यांचं नाव नव्हे, पण सगळे तसंच म्हणत. ते आमच्याकडे ड्राफ्ट्समन होते. खाडीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून काठाने मातीचे बांध घातलेले असतात. त्या बांधांचे नकाशे काढणं हे आमच्या कचेरीचं काम. मी तिथे नवा इंजिनिअर होतो. नोकरी अजून पक्की व्हायची होती, लग्न नुकतंच झालेलं होतं, आणि कळंबोलीत भाड्याचं घर होतं. अण्णा एकटे राहत. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात कायम पांढरा बुशशर्ट, आणि त्याच्या खिशात लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून ब्लेडने कापलेली एक चौकट. ती एका डोळ्यासमोर धरून ते जगाकडे बघत. डबा खाताना भेंडीच्या भाजीवरही धरत आणि म्हणत, "लोणचं जरा मागे घे." आपण निमूटपणे लोणचं मागे घ्यायचं. न घेतलं तर ते जेवायला सुरुवातच करत नसत, आणि मग आपल्यालाही घास गिळवत नसे.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. "आत कोणाला घ्यायचं ते कोणीही ठरवील. दारातून परत कोणाला पाठवायचं, त्याला हिंमत लागते." विजेचे खांब, तारा, पाट्या, कारखान्यांची धुराडी, पत्र्याच्या शेड यांना त्यांच्या चौकटीत प्रवेश नव्हता. माणसांना तर नव्हताच. "माणूस आला की फोटो माणसाचा होतो. झाड बिचारं मागे उभं राहतं, कुणी न ओळखणाऱ्या पाहुण्यासारखं." रविवारी मी त्यांच्याबरोबर तिपाई वाहायला जात असे, तेव्हा दिवसभरात मला उद्देशून ते जे काही बोलत ते बहुतेक एवढंच असे: "बाजूला हो." "अजून हो." "तुझी सावली काढ तिथनं." माझा खूप संताप व्हायचा. तरी पुढच्या रविवारी मी जायचोच, कारण त्यांच्याबरोबर चाललं की रोजच्या पाहण्यातली खाडी मला पहिल्यांदा दिसत असे.

त्यांचं खरं वेड होतं इन्फ्रारेड फिल्मचं. आपल्या डोळ्यांना न दिसणारा एक उजेड असतो, तो या फिल्मला दिसतो. जिवंत, ओली पानं तो उजेड परत फेकतात, म्हणून फोटोत झाडं पांढरीशुभ्र येतात आणि पाणी अन् आकाश काळं पडतं. भिंगावर इतका गडद लाल फिल्टर चढवावा लागतो की त्यातून स्वतःला जवळजवळ काहीच दिसत नाही. चौकट आधी ठरवायची, डोळ्यांनी फोकस करायचा, मग तो एका लाल खुणेपर्यंत किंचित सरकवायचा, मग फिल्टर चढवायचा आणि आंधळेपणाने बटण दाबायचं. चूक झाली तरी ती घरी जाऊन फिल्म धुतल्यावरच कळणार. अण्णा म्हणत, "म्हणूनच आधी नीट बघायचं. नंतर बघायला मिळत नाही."

ही फिल्म इथे मिळत नसे. त्यांचा एक मावसभाऊ मालवाहू जहाजावर होता, तो कधीतरी आणून देई. ती थंडीत ठेवावी लागते आणि अण्णांकडे फ्रिज नव्हता. माझ्याकडे सासऱ्यांनी दिलेला होता. त्यामुळे माझ्या नव्या संसारातल्या फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे, एक घट्ट बंद केलेली डबी कायमची राहायला आली. वीज गेली की तासाभरात दारावर थाप पडे. अण्णा पनवेलहून एसटीने गोणपाटात गुंडाळलेला बर्फ घेऊन आलेले असत. बायकोला नमस्कार नाही, पाणी नको, थेट फ्रिजपाशी. एकदा पाहुण्यांच्या मुलाने ती डबी उघडायला घेतली, तेव्हा बायको ज्या आवाजात ओरडली तो आवाज मी तोपर्यंत ऐकला नव्हता. नंतर ती म्हणाली, "हे असं घाबरत राहायचं मला जमणार नाही. त्यांना सांगा, ती डबी घेऊन जा म्हणून." मी सांगितलं नाही. मीसुद्धा त्यांना घाबरत होतो.

मग मावसभावाने जहाज सोडलं आणि डबीत शेवटचा रोल उरला.

तो कशासाठी राखून ठेवला होता ते मला ठाऊक होतं. गव्हाणच्या पुढे, उरणच्या बाजूला, एका जुन्या बांधावर करंजाचं मोठं झाड होतं. चैत्रात त्याला नवी, चकचकीत पालवी फुटते. तेव्हा भरतीचं पाणी बांधाला दोन्हीकडून लागलेलं असलं, तर पांढरं झाड काळ्या पाण्यात उभं राहणार. हा फोटो त्यांना हवा होता. तीन चैत्र ते तिथे गेले आणि एकदाही बटण न दाबता परत आले, कारण झाडाच्या मागे तेलाच्या टाक्या उभ्या राहत होत्या. दर वर्षी नवी टाकी, आणि दर वर्षी अण्णा आणखी थोडे बाजूला सरकून ती चौकटीबाहेर ठेवायच्या खटपटीत. आता त्या जागी टाक्यांकडे जाणारा रस्ता येणार होता. बांध फोडायचा होता आणि झाडाच्या खोडावर चुन्याची फुली पडली होती. रस्त्यासाठी आमच्या कचेरीतून गेलेला नकाशा अण्णांनीच काढला होता, त्यांच्या नेहमीच्या सुंदर हाताने. तो पुरा करून त्यांनी पेन धुतलं आणि मला म्हणाले, "ह्या रविवारी यायचं. सोमवारी झाड नसेल."

ते दिवस वाईट होते. मुंबईत स्फोट होऊन फार काळ गेला नव्हता आणि सगळ्या खाड्यांवर पोलीस डोळ्यांत तेल घालून फिरत होते. बांधावर टाक्यांच्या अलीकडे एक नवी पाटी लागली होती: पुढे जाण्यास व फोटो काढण्यास मनाई. झाड त्या पाटीच्या पलीकडे होतं. मी म्हणालो, "अण्णा, हे नको. माझी नोकरी अजून पक्की नाही." त्यांनी ऐकल्याचं दाखवलं नाही. तिपाई पाटीच्या अलीकडे रोवली, आणि पुठ्ठ्याची चौकट डोळ्याला लावून दोन तास त्या कोवळ्या, चमकणाऱ्या झाडाकडे बघत राहिले. भरती चढत होती. मग म्हणाले, "खोडापाशी रेडकं आहेत ती हाकल. आणि तिथेच थांब, परत येतील ती." मी पाटी ओलांडून गेलो, रेडकं हाकलली आणि खोडाला टेकून उभा राहिलो. चौकट माझ्या अलीकडेच कुठेतरी संपत असणार याबद्दल मला शंकाच नव्हती. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला. फोटो झाला होता.

मी परत येऊन तिपाई मिटतोय तोवर मागे सायकल थांबली. हवालदार होता, मिशा पिकायला लागलेला, जवळच्याच कुठल्या गावातला.

"काय चाललंय हितं? बोर्ड दिसला नाय का तुमाला?"

"झाडाचा फोटो घेतला," अण्णा म्हणाले.

"झाडाचा? बघू तो कॅमेरा." त्याने कॅमेरा घेतला आणि मागचं झाकण उघडायला खिट्टीवर बोट ठेवलं. पुढचं इतकं पटकन झालं की मला नीट आठवत नाही. अण्णांनी त्याच्या मनगटावर फटका मारला आणि कॅमेरा हिसकावून छातीशी धरला. हवालदार आपल्या मनगटाकडे बघत राहिला. मग शांतपणे म्हणाला, "चला आता चौकीवर."

चौकीतला फौजदार तरुण होता आणि दमलेला होता. त्याने आधी आमची ओळखपत्रं बघितली, मग कॅमेरा टेबलावर ठेवायला लावला.

"कोणासाठी काढले फोटो?"

"कोणासाठी नाही."

"फिल्म कसली आहे?"

"इन्फ्रारेड."

"म्हणजे रात्रीचं दिसतं ती?"

"नाही," अण्णा म्हणाले. "दिवसा जे दिसत नाही, ते दिसतं."

खरं तेच सांगितलं त्यांनी, पण फौजदाराचा चेहरा बदलला. त्याने खुर्ची पुढे ओढली. "हवालदारावर हात टाकता, दोन तास टाक्यांसमोर उभे राहता, परदेशी फिल्म बाळगता. आणि मी काय समजायचं?" गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याला बोलावून फिल्म काढून घ्यायची, असं तो म्हणाला. अण्णा म्हणाले, तो साध्या फिल्मसारखी हाताळील आणि सगळं काळं होईल. "मग पुरावाच नष्ट झाला की," फौजदार म्हणाला. "मग तुम्ही दोघंही बसा आत."

दोघंही, म्हणजे मीसुद्धा. पोलीस केस झाली की माझी नोकरी पक्की होणं संपलं. मी घाईघाईने बोलायला लागलो. साहेब, ह्यांचा नियम आहे, सबंध कचेरीला माहीत आहे, माणसाने बांधलेलं काहीही हे फोटोत घेत नाहीत. निरोप समारंभाची गोष्टसुद्धा सांगितली. दोन तास गेले ते टाक्या बाहेर ठेवण्यात गेले. फिल्म ह्यांनाच धुऊ द्या, इथेच, तुमच्या माणसासमोर. टाक्या दिसल्या तर म्हणाल ते कबूल.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

फौजदाराने विचार केला. "ठीक आहे. फिल्ममध्ये टाक्या नसल्या, तर लेखी ताकीद देऊन सोडतो. असल्या, तर मला वर कळवावं लागेल. मग माझ्या हातात काही नाही."

जीपमधून मला पनवेलला नेऊन अण्णांच्या खोलीवरून सामान आणवलं: फिल्म धुवायचा डबा आणि दोन बाटल्या. चौकीतली मुद्देमालाची खोली बिनखिडकीची होती. आत जप्त केलेल्या सायकली होत्या, आणि होडीचं एक जाड शीड होतं ते आम्ही दारावर टांगलं. फिल्म बदलली जाऊ नये म्हणून हवालदार आम्हा दोघांबरोबर आत बसणार होता. अण्णांनी त्याला रेडियमचं घड्याळ बाहेर ठेवायला लावलं. डब्याच्या प्लास्टिकच्या झाकणावर त्यांचा भरवसा नव्हता, म्हणून शेवटपर्यंत अंधारच लागणार होता. दार लावण्यापूर्वी फौजदाराने बाटल्यांबद्दल विचारलं. अण्णा म्हणाले, "ह्या एकीने चित्र उगवतं, त्या दुसरीने पक्कं होतं." एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. क्रम उलटा झाला, आधी ती दुसरी बाटली, म्हणजे हायपो, ओतली, तर चित्र उगवायच्या आतच धुऊन जातं आणि फिल्म काचेसारखी कोरी निघते. हे तिथे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

दार लागलं. इतका अंधार मी त्यापूर्वी अनुभवला नव्हता. हवालदाराने अण्णांच्या शर्टाचं टोक धरून ठेवलं होतं, ते त्याने आधीच सांगितलं होतं. फिल्म चकतीवर चढवल्याचा बारीक आवाज येत होता.

"चौकट सांगतो," अण्णा एकदम म्हणाले. कचेरीतल्या नकाशावर बोलतात तसा आवाज. "क्षितिज वर घेतलंय. झाड डावीकडे."

"बरं."

"उजव्या अंगाला वर्तुळं आहेत."

आमच्या नकाशात टाकी म्हणजे वर्तुळ. मी विचारलं, "किती?"

"सगळी. ह्या वेळी बाहेर ठेवली नाहीत. झाड कशाने गेलं ते बाहेर ठेवलं असतं, तर फोटो खोटा झाला असता." जरा थांबून म्हणाले, "आणि खोडाशी एक उभी रेघ आहे. झाड केवढं होतं ते कळावं म्हणून."

नकाशात उभी रेघ म्हणजे माणूस, आणि तो माणूस मी होतो. मनाईच्या पाटीपलीकडे, टाक्यांच्या पुढ्यात, कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा.

"काय बोलताय ओ तुमी?" हवालदार म्हणाला.

"ऑफिसचं," अण्णा म्हणाले. मग मला विचारलं, "नोकरी पक्की व्हायला किती राहिलं तुझं?"

"दिवाळीपर्यंत."

"हं."

मी काही मागितलं नाही. मागायचं झालं असतं तरी काय शब्दांत मागायचं ते मला सुचलं नसतं. तीन वर्षांचं त्यांचं झाड त्या डब्यात होतं आणि मी त्यांच्या शेजारी उभा होतो. मग बाटलीचं बूच निघालं.

चित्र उगवणाऱ्या डेव्हलपरला फारसा वास नसतो. हायपोला असतो, आंबूस, नाकात शिरणारा. त्यांच्या मोरीत रविवार-रविवार बसून मी तो ओळखायला शिकलो होतो.

खोलीभर आंबूस वास पसरला.

"कसला वास हाय हा?" हवालदार म्हणाला.

"औषधाचा," अण्णा म्हणाले, आणि डबा हलवत नेहमीसारखे आकडे मोजायला लागले. आवाज जराही हलला नाही. एक बाटली झाली, मग दुसरी झाली, मग पाणी. त्यांनी काही म्हणजे काही गाळलं नाही. अंधारात मी भिंतीला टेकून रडलो, आणि ते कुणाला दिसलं नाही हे बरं झालं.

बाहेर उजेडात फौजदाराने फिल्म उलगडून खिडकीसमोर धरली. तिच्यातून पलीकडचं आवार स्वच्छ दिसत होतं.

"कोरी?"

"बाटल्यांची अदलाबदल झाली, साहेब," अण्णा म्हणाले. "वय झालं."

फौजदार हसायला लागला. इतका हसला की डोळे पुसावे लागले. "एवढं सगळं केलंत, आणि बाटल्यांची अदलाबदल! जा आता. टाक्या नाहीत म्हणजे नाहीत." हवालदारही हसला. अण्णा मान खाली घालून उभे राहिले. लोणचं मागे न घेणाऱ्यावर दुपारभर रुसणारा हा माणूस, पण त्या हसण्यावर एक शब्द बोलला नाही. पुढे ही गोष्ट कचेरीत पोचली आणि ते निवृत्त होईपर्यंत सगळे त्यांना यावरून चिडवत राहिले. मी खरं सांगतो म्हणालो तर त्यांनी मला हाताने गप्प केलं. दिवाळीनंतर माझी ऑर्डर आली, तेव्हा नुसतं "वाच नीट" म्हणाले.

त्या दिवशी लेखी ताकीद घेऊन आम्ही निघालो. हवालदार रस्त्यापर्यंत सोडायला आला होता, वाट त्याच बांधावरून जात होती. ऊन उतरलं होतं, ओहोटी लागली होती, आणि करंज होतं तसंच उभं होतं. अण्णा पाटीशी थांबले.

"बघून घ्या काय बघायचं ते," हवालदार म्हणाला. "पन कॅमेरा पिशवीतनं काढू नका हां." आणि तो पाठ फिरवून बिडी पेटवायला लागला.

अण्णांनी चौकट काढली नाही, काहीच काढलं नाही. नुसते बघत राहिले. मला तिथे थांबवेना.

"अण्णा," मी विचारलं, "कसा आला असता?"

त्यांनी झाडावरची नजर काढली नाही. मला वाटलं, ऐकलंच नाही.

"झाड पांढरंशुभ्र," ते म्हणाले. "पाणी काळं. टाक्या काळ्या. तू जरा वाकडा उभा होतास." मग पिशवी खांद्यावर नीट केली आणि चालायला लागले. "पण राहू दिलं असतं मी."